नागदोषाचा तांबडा फडका

दर गुरुवारी जुन्नरजवळच्या डिंगोरे गावात देवळापुढं पाय ठेवायला जागा नसायची. साल दोन हजार दोन. घरोघरी टीव्ही आले होते, चार घरांत फोनही खणखणत होता, पण डोकी सगळी नागेशबाबाच्या पायाशी. तरण्या पोरापोरींच्या तोंडावरच्या पुटकुळ्या हा बाबा 'उतरवायचा'. आधी चेहऱ्याला पिवळा लेप. मग घंगाळातल्या तीर्थात बुडवलेला पांढराशुभ्र फडका गालावरून फिरवायचा. फडका लालभडक! बायका हात जोडायच्या.

"बघा, नागाचं विष रगतावाटं बाहेर पडलं!" बाबा गरजायचा. "तुमच्या सात पिढ्यांत कुणीतरी बांधावर नाग ठेचलाय. डाक्तरची सुई लागली, तर नाग उलटंल. मग मला हाक मारू नका!"

सात पिढ्यांत एकही नाग मारला नाही, असं शेतकऱ्याचं घर आहे कुठं? भामट्यानं फास बरोबर टाकला होता.

त्या फासात अंजना सापडली होती. तिची अश्विनी अकरावीला. आठ महिने गालांवर, हनुवटीवर दुखऱ्या गाठी. कुशीवर झोपणं मुश्कील. एक गाठ बसली की त्या जागी खड्डा ठेवून जायची. पोरीनं कॉलेज सोडलं, आरसा भिंतीकडं तोंड करून ठेवला. अंजनाला जुन्नरच्या डॉक्टरांकडं जायचं होतं, पण सासू सारजाबाई आडवी आली.

"पुटकुळीला कुणी डाक्तर करतंय व्हय? पोरीत खोट हाय म्हणतील लोकं. बाबाकडं ने."

चार गुरुवार झाले. फडका दर वेळी लाल, आणि पोरीची कातडी पोळून सोलपटलेली. "आग व्हतीया आये, सोसंना," अश्विनी रडायची. "विष निघताना जळणारच," बाबा म्हणायचा, आणि अंजना पोरीचे हात धरून ठेवायची. हो, स्वतःच्या हातांनी.

चौथ्या गुरुवारनंतर ती विहिरीवर धुणं धुवायला बसली. अश्विनीच्या ओढणीवर लेपाचा पिवळा डाग पडला होता. तिनं साबणाची वडी घासली, तसा डाग तांबडा झाला. लग्न होऊन आल्यापासून कालवणाचे पिवळे डाग साबणानं असेच तांबडे होताना तिनं हजारदा पाहिले होते. पण हळदीच्या बाबतीत जे रोज दगडावर दिसतं, तेच देवळात दिसलं की चमत्कार! ती तशीच उठली. पण मग त्या तीर्थात पोळणारं काय असेल? घरी येऊन सासूच्या पानाच्या चंचीतला चुना काढला, चिमूटभर हळदीत कालवला. बोटं लाल झाली. पानाला चुना जास्त लागला तर तोंड कसं पोळतं, हे सारजाबाईइतकं कुणाला ठाऊक? अंजना चुलीपुढं बसून हमसून हमसून रडली. मग तिला संताप आला.

पुढच्या गुरुवारी ती हळदीची वाटी घेऊन एकटीच गेली. "महाराज, पाद्यपूजा करायची व्हती."

बाबा खूश. पाय पुढं केले, डोळे मिटले. तिनं त्याच्या पावलांना घरची ओली हळद चोपडली. मग त्याचाच फडका त्याच्याच घंगाळात बुडवला आणि पावलांवरून फिरवला. फडका लालभडक!

"महाराज, तुमच्या पायात कुठला नाग शिरला?"

बाबानं दचकून पाय मागं ओढले.

"पापिणी! देवाचं तीर्थ बाटवलंस!"

"तीर्थ? चुन्याची निवळी हाय ही!" तिनं घंगाळाच्या तळाशी हात घातला आणि ओंजळभर पांढरा गाळ वर काढला. "हळदीला चुना लागला की तांबडं व्हतं. घरी जा, चंचीतला चुना घ्या, करून बघा. नागाचं विष न्हाई, आपल्या पोरींची कातडी जाळतोय ह्यो!"

आधी एक म्हातारी हसली, मग सगळं पटांगण. बाबानं गाठोडं उचललं आणि पिवळ्या-तांबड्या पायांनी एसटी गाठली. त्या दिवशीचा चमत्कार म्हणाल तर त्याच्या पळण्याचा वेग!

घरी सारजाबाईनं चंचीतला चुना स्वतः हळदीत कालवून पाहिला. "जल्मभर चुना खाल्ला, अन् मला कळंना," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती स्वतः सुनेला आणि नातीला घेऊन जुन्नरला निघाली.

डॉ. उजमा इनामदारांनी अश्विनीचा चेहरा उजेडात धरून पाहिला. "हा दोष नाही, आजार आहे. गोळ्या आणि मलम लागेल. महिने लागतील, पण गाठी जातील."

"अन् खड्डे?" अंजनानं विचारलं.

"काही राहतील. पहिला डाग राहिला तेव्हाच यायला हवं होतं."

वर्ष झालं. अश्विनी कॉलेजला जाते, आरसा सरळ टांगलाय. डाव्या गालावर तीन खड्डे राहिले आहेत. विहिरीवर कुणी पोरीच्या पुटकुळ्यांचा विषय काढला की अंजना हातातलं धुणं खाली ठेवते.

"चार पुटकुळ्या सगळ्यांनाच येत्यात, त्याला घाबरू नगा. पण गाठ ठणकाया लागली, डाग राहाया लागला, पोरगी तोंड लपवाया लागली, तर त्याच दिशी डाक्तर गाठा. लोकं काय म्हणतील ते म्हणूंद्यात. मी चार गुरुवार पोरीचं हात धरून ठेवलं. तुमी तसं करू नगा."