जोडीदार नसलेले गुणसूत्र

मित्रांनो, मी एक जुने गुणसूत्र आहे, सोलापूरच्या रेवणप्पा विणकराच्या अंगातले. माणसाच्या पेशीत आमच्या तेवीस जोड्या नांदतात. नाक कसे, केस कसे, डोळ्यांनी काम कसे करायचे, सारे आमच्यात लिहिलेले असते. प्रत्येक जोडीतले एक आईकडचे, एक वडिलांकडचे. शास्त्रज्ञ मला एक्स म्हणतात.

आधी मी रेवणप्पाच्या आजोबांत, गुरप्पांत होते. माझ्या मजकुरात रंग ओळखण्याच्या जागी फार पूर्वीच एक चूक राहून गेली आहे. त्यांच्याकडून मी त्यांच्या लेकीत, नीलम्मात आले. तिथे मला दुसऱ्या एक्सची सोबत होती. ते माझी चूक सांभाळून घेई, कुणाला पत्ता लागत नसे. ते माझे सुखाचे दिवस.

मग नीलम्माच्या पोटी रेवणप्पा आला. इथे माझ्या शेजारी वडिलांकडून आलेले वाय नावाचे गुणसूत्र, अंगाने एवढेसे! मुलगा घडवण्याचे काम त्याने चोख केले, पण रंगांच्या बाबतीत त्याची पाटी कोरी. चूक झाकायला कोणी उरले नाही. अब्जावधी पेशींत मी होते आणि प्रत्येकीत एकटे होते. फार जिवाला लागे.

एकोणीसशे बत्तीस सालच्या लग्नसराईत रेवणप्पा हिरव्या लुगड्याचा लाल पदर विणत होता. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात त्याने लाल सुताऐवजी हिरव्या सुताची कांडी घातली आणि वीतभर पदर हिरवाच विणला. वडील गुरुबसप्पा कडाडले, "डोळं हायत का भोकं? उद्यापास्नं मागावर बसायचं न्हाय!"

नीलम्मा मध्ये पडली. "अवो, माज्या बापालाबी असंच व्हायचं. लाल कंचं, हिरवं कंचं, मलाच इचारायचा. कुणाला सांगू नगं म्हनायचा." मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "माज्याकडनंच आलं की ह्ये पोराला."

बाई, तुझा काय दोष? खोट माझी. पण आम्हांला तोंड कुठे असते!

गुरुबसप्पांनी एक लाल आणि एक हिरवी कांडी उचलली. मग त्या पुढे धरून हळूच म्हणाले, "रेवण्या, खरं सांग. तुला काय दिसतंय?"

"दोनी सारकंच, अण्णा. मातीवानी."

त्यांनी लाल कांड्या एका टोपलीत आणि हिरव्या दुसऱ्या टोपलीत ठेवल्या. "लाल उजवीकडं. बस मागावर," एवढेच बोलले.

मित्रांनो, माझ्यातली चूक मला पुसता येत नाही. म्हणून हात जोडून सांगते, कोणी चुकला तर ओरडण्याआधी त्याला काय दिसते ते विचारा. रेवणप्पाला हे कुणी विचारायला वीस वर्षे लागली.