साठ फुटांचं धुराडं

उद्यमनगरात त्र्यंबकराव सबनिसांची फौंड्री होती. इंजिनाचे भाग ओतायचे. आठवड्यातून तीनदा भट्टी पेटायची आणि ती पेटली, की मागच्या गल्लीतल्या बनाबाई वाळवण गोळा करायला धावायच्या. अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्यांना उशीर झाला. दीडशे पापड काळे पडले. त्या ताटासकट ऑफिसात शिरल्या.

"मालक, खाऊन बघा की एक. तुमच्याच भट्टीचा मसाला हाय."

"बाई, निसर्गाची काळजी आम्हालाही आहे," ताटाकडे न बघता त्र्यंबकराव म्हणाले.

काळजी होतीच. महिन्याभरात त्यांनी 'शुद्ध हवा समिती' काढली, स्वतः अध्यक्ष झाले आणि फाटकावर 'निर्मळ आकाश, हाच आमचा ध्यास' अशी पांढरीशुभ्र पाटी लावली. ती पुसायला रोज एक माणूस लागायचा.

भट्टी सांभाळणारा आकाराम वीस वर्षांचा जुना कामगार. तो म्हणाला, "मालक, तेलकट भंगार धुऊन घालू. आन धुराड्यावर पत्र्याची टोपी बसवू. टोपीवरनं पाणी सोडायचं. काजळी पाण्यात सापडती. खाली टाकीत गाळायची, पाणी परत वर चढवायचं."

"आकाराम, हे शास्त्र आहे. चौथी शिकून कळत नाही."

मग पुण्याहून सल्लागार आले. दोन दिवस पंख्याखाली बसून त्यांनी मटणाचा रस्सा आणि भट्टीचा अभ्यास केला. रस्सा जवळून, भट्टी खिडकीतून. चाळीस पानांच्या अहवालाचा अर्थ एवढाच, की तीस फुटांचं धुराडं साठ फुटांचं करावं, म्हणजे धूर परिसराबाहेर जाईल.

धुराडं वाढलं. नारळ फुटला. धूर बनाबाईंच्या छपरावरून सरळ निघून गेला. समितीच्या सभेत अध्यक्षांनी प्रश्न सुटल्याचं जाहीर केलं. धूर कुठं गेला, हे कुणी विचारलं नाही. तो जिथं गेला होता, तिथलं कुणी सभेला नव्हतं.

पुढच्या वर्षी त्र्यंबकरावांनी टेकाडावरच्या नव्या कॉलनीत बंगला बांधला. वास्तुशांतीला कारखानदार संघाचे सगळे आले. ऑर्डर अडली होती, म्हणून भट्टी त्या दिवशीही चालू होती. अंगणात उघड्यावर पंगत बसली आणि संघाचे अध्यक्ष शिऱ्याची वाटी निरखत म्हणाले, "वहिनी, शिऱ्यात तीळ? नवीनच पद्धत दिसते."

त्र्यंबकरावांच्या पत्नी विमलाबाईंनी वाटीत बोट फिरवलं. बोट काळं झालं. त्यांनी वर पाहिलं. धूर टेकाडावर येऊन आरामात उतरत होता. पाहुण्यांच्या पांढऱ्या टोप्यांवर, दह्यावर, सत्यनारायणाच्या फोटोवर.

"वारा आज जरा उलटा आहे," त्र्यंबकराव म्हणाले.

पंगत उठल्यावर विमलाबाई शालूतच रिक्षात बसल्या आणि थेट भट्टीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. आकाराम गडबडला.

"आकाराम, ह्याला काही उपाय आहे का?"

"हाय की, वैनी. वरीसभर सांगतोय."

तिथंच जमिनीवर कोळशानं त्यानं टोपीचं चित्र काढून दाखवलं. संध्याकाळी विमलाबाईंनी नवऱ्याला सांगितलं, "ती टोपी बसेपर्यंत मी आजऱ्याला, माहेरी."

टोपी बाराव्या दिवशी बसली. पत्रा, पाण्याचा एक पंप, एक जुनी टाकी. पहिल्या दिवशी टाकीत इतकी काजळी साठली, की आकारामला ती घमेल्यानं उपसावी लागली. एवढं आपण दर भट्टीला लोकांच्या अंगावर टाकत होतो, ह्याची त्याला लाज वाटली. तेलकट भंगारही आता सोड्याच्या पाण्यातून धुऊन भट्टीत जाऊ लागलं.

संघानं त्र्यंबकरावांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, 'धूरमुक्तीचे शिल्पकार'. आकारामची त्या दिवशी भट्टीवर पाळी होती.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या दोन फौंड्रीवाल्यांनी आकारामला तसलीच टोपी करून मागितली. त्र्यंबकरावांनी त्याला ऑफिसात बोलावलं.

"आपलं तंत्र बाहेर द्यायचं नाही. लोक संशोधन चोरतात."

"मालक, त्यांचा धूर काय त्यांच्याच कंपाऊंडात थांबतोय व्हय?"

"तो त्यांचा प्रश्न. त्यांनी आपापली समिती काढावी."

आकारामनं मान डोलावली आणि रविवारी सुट्टीच्या दिवशी पत्रा कापायची कात्री घेऊन शेजारच्या धुराड्यावर चढला. खालून शिडी धरायला बनाबाई होत्या.