दारामागच्या वजनकाट्याची गोष्ट

मित्रांनो, माझ्यावर उभं राहून पोट आत ओढलं म्हणून वजन कमी भरत नाही. तरी सगळे ओढतातच! मी एक जुना वजनकाटा आहे. कारखान्यात ज्या कारागिराने माझी तबकडी बसवली, तोच पहिल्यांदा माझ्यावर चढला आणि आकडा पाहून त्याने तोंड वाकडं केलं. माझी काय चूक?

पुढे दवाखान्यात माझा मोठा थाट होता. मग बॅटरीवर चालणारा काचेचा काटा आला आणि माझी रवानगी दारामागे झाली. माझ्यावर चक्क कुंडी ठेवली! झाडाला पाणी घातलं की माझा काटा जरासा हलायचा, तेवढाच विरंगुळा. एके दिवशी काचेच्या काट्याला तडा गेला आणि डॉक्टरबाईंना माझी आठवण झाली.

गावात नुकतीच तापाची साथ येऊन गेली होती आणि त्यांची एक पाहणी चालू होती. आजाराशी झुंजायला शरीर जे सैनिक तयार करतं, त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. ती ज्यांच्या रक्तात सापडली आणि ज्यांच्या नाही, त्यांच्या झोपेत, खाण्यात, चालण्यात, वजनात काही फरक असतो का, हे बाईंना पाहायचं होतं. रक्ताचे निकाल आले होते. प्रश्न विचारणं आणि वजन करणं बाकी होतं. पण आमच्या नर्सताई पडल्या मायाळू. लोकांचा जीव टांगणीला नको, म्हणून त्यांनी पहिल्या दिवशी आलेल्यांना प्रश्नांआधीच निकाल सांगून टाकले!

झालं. प्रतिपिंडे सापडलेले सगळे फुशारले. बेकरीवाला म्हणाला, "मी तर रोज पहाटे पळतो!" माझ्यावर चढतानाच त्याला धाप लागली होती. मला हसू आवरेना.

टेलरकाकांच्या रक्तात मात्र काही सापडलं नव्हतं. ते खाली मान घालून म्हणाले, "मीच आळशी. शरीर कुचकामी झालंय माझं. आता नातीला हात लावणार नाही. एवढंसं बाळ, माझ्यामुळे काही झालं तर?"

"अहो, काहीतरीच काय!" सोबत आलेल्या काकू म्हणाल्या. "रोज मला दमवेपर्यंत चालता की!"

काका ऐकेनात. मला फार वाईट वाटलं.

हे कानावर येताच डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "ताई, निकाल कळल्यावर कोण खरं सांगणार? उद्यापासून आधी प्रश्न, मग निकाल." मग त्या काकांजवळ बसल्या. "काका, ही काय परीक्षा आहे नापास व्हायला? आजार तुमच्यापर्यंत आलाच नसेल. किंवा येऊन गेला असेल आणि प्रतिपिंडे ओसरली असतील. तुम्ही ठणठणीत आहात. हात स्वच्छ धुवा आणि नातीला खुशाल घ्या."

दुसऱ्या दिवशी काका नातीलाच घेऊन आले. तिचं वजन करायचं, तर आधी बाळासकट उभं राहायचं आणि मग एकट्याने. काका बाळासकट उभे राहिले. नर्सताईंनी हात पुढे केले, "आणा बाळ इकडे." काका कुठले देतात! "थांबा हो जरा," म्हणत ते नातीकडे बघत राहिले.

मित्रांनो, मला सपाट जागी ठेवा, अधूनमधून पुसा. डॉक्टरांनी विचारलं, तर आहे तसं सांगा. आणि कितीही घाई असली, तरी अशा आजोबांना लगेच खाली उतरवू नका. मी जुना असलो, तरी दोघांचा भार मला सहज पेलतो.