कॅप्टन दुसऱ्या भागात मेला

माझा दादा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याचा एक डोळा लहानपणापासून अधू, दुसऱ्यानेही मोठेपणी वर्षभरात दगा दिला. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं, की नजर आता येणार नाही. मी आत गेले आणि म्हटलं, "वेळ लागेल म्हणाले. दोन-तीन वर्षं. पण येईल." माझी जीभ कशी रेटली कोण जाणे. मी कपडे शिवते. उसवलेलं झाकायची सवय हाताला असते, तोंडालाही लागली असावी.

दादाने लगेच ठरवून टाकलं. 'परतीची कक्षा' या सिनेमाचे आणखी दोन भाग येणार होते. "दुसरा तू बघून मला सांग, ठमे. तिसरा मी माझ्या डोळ्यांनी बघणार."

'परतीची कक्षा' आम्ही लहानपणी अकरा वेळा पाहिला होता. म्हातारा कॅप्टन मोडक्या यानातून एकटाच मुलीकडे निघतो, आणि पोचतो की नाही ते कळायच्या आत पडदा काळा होतो. तेव्हापासून दादा त्या माणसाची काळजी करत होता, सख्खा काका असल्यासारखी.

दुसरा भाग बघून माझं डोकंच फिरलं. दहाव्या मिनिटाला कॅप्टन यानातल्या शिडीवरून घसरून मरतो! पुढचे दोन तास कुठली कोण पोरं एकमेकांवर किरण सोडत पळतात. घरी दादा चहा न पिता माझी वाट बघत होता. मग मी बसल्या बसल्या दुसराच सिनेमा रचला. माझा कॅप्टन मुलीला भेटला, आणि यानाच्या पत्र्यांचं त्याने तिच्या अंगणात कोंबड्यांसाठी खुराडं बांधलं. दादा इतका हसला, की त्याला ठसका लागला. पुढे ती गोष्ट त्याने माझ्याकडून कितीदा वदवून घेतली.

परवा रेडिओवर तिसऱ्या भागाची जाहिरात लागली. मी मशीनवरून उठेपर्यंत ती बाई ओरडून मोकळी झाली होती, "बापाच्या मृत्यूचा सूड घ्यायला ती येतेय!"

दादाने रेडिओ बंद केला. "कॅप्टन मेला?"

"जाहिरातवाले काय, काहीही बोलतात."

"ठमे."

"मेला. दुसऱ्याच भागात. शिडीवरून पडून."

"शिडीवरून?" त्याला हसू आलं. "आणि खुराडं?"

"ते माझं."

"चांगलं होतं."

निभावलं, असं वाटून मी परत मशीनवर बसले, पण दोरा काही सुईत जाईना.

"डॉक्टर काय म्हणाले होते?" त्याने विचारलं.

"नाही येणार म्हणाले."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी."

तीन वर्षं तो रोज सकाळी खिडकीशी बसून उजेड वाढलाय का ते बघायचा, आणि मी म्हणायचे, "कालच्यापेक्षा जरा जास्त ना?" मला स्वतःची किळस आली. मी त्याच्या पायाशी जाऊन रडले. त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला नाही.

"तिसरा कधी लागतोय?"

"शुक्रवारी."

"बघून ये," तो म्हणाला. "कितीही भिकार असला तरी जसा आहे तसा सांग. यापुढे मला सगळं तुझ्याकडूनच कळणार आहे."