वळणावरची कुरकुर

मित्रांनो, तुम्ही कधी मोटारीखाली वाकून पाहिलंय का? आमच्या गाडीखाली पाहिलं असतं, तर पुढच्या डाव्या चाकामागे चिखलाने माखलेला, मुठीएवढा एक जुना सांधा दिसला असता, तो मी. गॅरेजमध्ये मला बॉल जॉइंट म्हणतात. वाटीत बसवलेली पोलादी गोळी, भोवती ग्रीस आणि वर रबराची घट्ट टोपी, एवढाच माझा संसार.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी लखलखत होतो. मग चाकामागे गेलो आणि उजेडाशी माझा संबंध सुटला. चाक वळलं की मी वळायचो, खड्डा आला की दणका सोसायचो. कौतुक व्हायचं ते गाडीच्या रंगाचं, नव्या सीट कव्हरचं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मागच्या सीटवर छोटी चिमी आईला टेकून झोपलेली असायची. तिचं चाक मी धरून आहे, एवढं मला पुरत होतं.

पण माझी टोपी फाटली. ग्रीस वाहून गेलं, आत पाणी शिरलं, माती शिरली. स्टिअरिंग फिरलं की मी कळवळू लागलो. कुईंऽऽ!

"गाडीचं वय झालं," बाबा म्हणाले. "आजोबांच्या गुडघ्यासारखं."

"माझे गुडघे निदान पेट्रोल तरी मागत नाहीत!" आजोबा म्हणाले. सगळे हसले. चिमी तर प्रत्येक वळणावर माझ्यासोबत 'कुईं' करू लागली.

मग एकदा बाबांनी फवारा मारायचा तेलाचा डबा आणला आणि चाकामागे अंदाजाने सगळीकडे तेल मारलं. माझा आवाज बसला. बाबा खूश. मित्रांनो, मी बरा झालो नव्हतो. आतल्या आत झिजत होतो, आणि ते सांगायला आता आवाजही उरला नव्हता.

पुढे सगळ्यांना चिमीच्या मावशीकडे जायचं होतं. डोंगर उतरून जाणारा, वळणावळणांचा रस्ता. सामान चढलं. फाटकातून निघताना बाबांनी स्टिअरिंग पूर्ण वळवलं. मी उरलासुरला जीव एकवटला. कुं.

"अहो, थांबा," आई म्हणाली.

"अगं, तेल मारलंय ना? गेला तो आवाज."

"गेल्या वर्षी तोंडात चोखणी दिली की चिमीही गप्प व्हायची. म्हणून कान दुखायचा थांबला होता का तिचा?"

बाबांनी इंजिन बंद केलं. आई ओढणी खोचून चाकापाशी बसली. "आता हळूहळू फिरवा." तिने हात वर स्प्रिंगवर ठेवला. काही नाही. खालच्या दांड्यावर ठेवला. तिथेही नाही. मग माझ्यावर ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा. मी थरथरलो.

"इथे! हाताला कळतंय."

गॅरेजवाल्या काकांनी गाडी उचलून मला पहारीने हलवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "पार खिळखिळा झालाय. उतारावर निखळला असता तर चाकच आडवं झालं असतं." बाबांनी चिमीला उचलून घेतलं, ते बराच वेळ खाली ठेवलंच नाही.

माझ्या जागी नवा सांधा बसला. मला बाबांनी घरी आणलं. आता मी चपलांच्या फळीवर, त्या तेलाच्या डब्याशेजारी असतो.

परवा आजोबा उठताना कण्हले आणि नेहमीसारखे म्हणाले, "काही नाही रे, मलम लावलंय." बाबांची नजर माझ्याकडे गेली. ते आजोबांसमोर खाली बसले, गुडघ्यावर हात ठेवला. "नक्की कुठे दुखतंय, सांगा बरं."

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी कुरकुरत असेल. त्याला गप्प करण्याआधी एकदा हात लावून बघा.