पाचवा भाग पहिला

दादा दातांच्या कवळ्या बनवायचा. दवाखान्यांतून साचे यायचे, तो त्यात मेण ओतायचा, दात बसवायचा, घासून पुसून परत पाठवायचा. कुणाचा जबडा कसा मिटतो हे त्याला नुसत्या साच्यावरून कळायचं. त्यामुळे समोरचा माणूस कधी थाप मारतोय तेही आपल्याला कळतं, असा त्याचा स्वतःविषयी समज होता.

त्याची धाकटी बहीण कानाची मशिनं बसवायची. आई म्हणायची, "एकानं दात धरले, एकीनं कान धरले, माझ्या गुडघ्यांना वाली कोण?" धाकटीचा नवरा लोकांना मोटार चालवायला शिकवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत, दादासुद्धा.

दादाचं आणि मास्तरांचं सूत जुळलं ते 'काळदरी'मुळे. काळदरी म्हणजे व्हिडिओ गेमची मालिका. दादा शाळेत होता तेव्हा तिचा पहिला भाग आला, आणि आता त्याच्या कानांवरचे केस पांढरे झाले तरी ती चालूच होती. तिरंदाज, वैद्य, पळपुटा राजपुत्र असं काहीतरी व्हायचं, धुक्यानं भरलेल्या दरीत उतरायचं, कुणाला वाचवायचं नि कुणाला मारायचं ते आपलं आपण ठरवायचं. नऊ भाग झाले होते. दादानं सगळे पुन्हा पुन्हा खेळले होते. लग्नानंतर काही महिन्यांनी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा मास्तर सहज म्हणाले होते, "तिसऱ्या भागातली राणी दुष्ट नाही हो, घाबरलेली आहे." दादाचा घास हातातच राहिला. इतक्या वर्षांत त्याच्याशी या विषयावर असं कुणी बोललं नव्हतं.

मग दोघांनी मिळून पॉडकास्ट सुरू केला. रविवारी दुपारी दादाच्या कामाच्या खोलीत, प्लॅस्टरची पोती नि साच्यांच्या फळ्या यांच्या मधोमध माइक ठेवून दोघं काळदरीवर वाद घालायचे. ऐकणारे थोडे होते, पण कट्टर. दादा माहितीचा पक्का, तर मास्तर असं काही बोलून जायचे की दादा आठवडाभर त्यावर विचार करत बसायचा.

दहावा भाग येणार अशी बातमी आली आणि ऐकणाऱ्यांनी धोशा लावला, की आता नऊही भागांची क्रमवारी लावा. पहिला कोणता, शेवटचा कोणता, एकदाचं सांगून टाका. दोघांनी आधी आपापसात बोलून घ्यायचं ठरवलं.

"माझा दुसरा पहिला," दादा म्हणाला. "त्यात वादच नाही."

"माझा पाचवा," मास्तर म्हणाले.

दादा हसला. पाचव्या भागाला जगभरचे चाहते 'होडीवाला गेम' म्हणून हिणवायचे. अर्धा वेळ नुसतं वल्हवायचं, आणि शेवटी ती नावाडीण. तिच्याइतकं चिवट कुणी सगळ्या मालिकेत नव्हतं. दादानं तिच्याकडून इतक्यांदा मार खाल्ला होता, की तिचं नाव निघालं तरी त्याचा अंगठा दुखायचा.

"तिच्याशी लढायचं नसतंच, दादा," मास्तर म्हणाले. "तिच्या होडीत नुसतं बसायचं. ती आपणहून नेते पलीकडे."

"कोण म्हणतं?"

"म्हणजे... मी म्हणतो ना."

उत्तर द्यायला मास्तर किंचित अडखळले, आणि दादाच्या मनात पाल चुकचुकली.

घरी जाऊन त्यानं पाचवा भाग लावला. होडीत बसून राहिला. नावाडिणीनं वल्ह्याच्या एका फटक्यात त्याला पाण्यात पाठवलं. त्यानं पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. चाहत्यांची सगळी पानं धुंडाळली, तर असल्या गोष्टीचा कुठं मागमूस नव्हता. म्हणजे मास्तरांनी सरळ थाप मारली होती. आणि एक थाप सापडली की माणूस मागच्या सगळ्या गोष्टी उलट्या करून झटकून बघतो, तसं दादाचं झालं. मास्तरांना त्यानं कधी खेळताना पाहिलं होतं? एकदाही नाही. कंट्रोलर पुढे केला की म्हणायचे, "नको, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका सांभाळून हात भरून आलेत." एकदा आग्रह केला तेव्हा त्यांनी तो स्टिअरिंगसारखा दोन्ही बाजूंनी धरला होता. तेव्हा दादाला गंमत वाटली होती. आता वाटेना.

पुढच्या भेटीत त्यानं गळ टाकला.

"सहाव्या भागातला तो आंधळा घड्याळजी आठवतो? काय माणूस लिहिलाय!"

"वा, तो तर कहरच," मास्तर म्हणाले. "शेवटी काय बोलतो तो! काटा येतो अंगावर."

सहाव्या भागात आंधळा घड्याळजी नव्हता. डोळस घड्याळजीही नव्हता. दादा हातातल्या कवळीची कड घासत राहिला. हा माणूस एकही भाग खेळलेला नाही, हे आता उघडच होतं. पण दुसऱ्या दिवशी मास्तरांचा निरोप आला, 'दादा, चेष्टा केलीत ना माझी? सहाव्यात घड्याळजी नाहीच. दिवे लावणारा म्हातारा आहे, आणि तो बहिरा आहे.'

हे बरोबर होतं. शिवाय तो म्हातारा बहिरा आहे हे स्वतः दादाच्याही ध्यानात आलं नव्हतं. त्यानं खात्री करून घेतली. म्हातारा खरोखरच फक्त समोर उभं राहून बोललं तरच उत्तर द्यायचा. म्हणजे मास्तरांना हे सगळं पढवणारं दुसरंच कुणीतरी होतं, आणि ते कुणीतरी दादापेक्षा वरचढ होतं. कुठंतरी पाणी मुरत होतं खास.

ते कुठं मुरतंय याचा अंदाज त्याला रविवारी आला. मास्तर फोन घ्यायला बाहेर ओसरीवर गेले होते. दादा खिडकीशी साचे वाळत घालत होता. काच अर्धी उघडी होती.

"हो गं बाई, पाचवाच ठेवतोय एक नंबरला," मास्तर दबक्या आवाजात म्हणत होते. "नाही, त्याला काही कळलेलं नाही. कसं कळेल? सांगू गं कधीतरी. आत्ता नको. तुला माहितीये ना त्याचा स्वभाव."

दादाच्या हातातला साचा फळीवर जरा जोरात आदळला आणि पुढचे दोन दात उडाले.

हो गं बाई! मास्तर इतक्या लाडीगोडीनं बोलत होते ती कोण? धाकटी असणं शक्यच नव्हतं. धाकटीला गेमचा तिटकारा होता. लहानपणापासून काळदरी लागली की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. अजूनही विषय निघाला की म्हणायची, "झालं यांचं दरीपुराण सुरू." मग राहिलं काय? कुणीतरी काळदरीवेडी बाई, जिच्याशी मास्तर तासन्‌तास बोलत होते, आणि जिच्याबद्दल बायकोला नि मेव्हण्याला काही कळू द्यायचं नव्हतं. आपणच या माणसाला दर रविवारी घराबाहेर पडायला निमित्त दिलं.

सोमवारी धाकटीला अर्धा दिवस सुट्टी असायची. दुपारचं काम सोडून दादा निघाला. वाटेत चौकात मास्तरांची शिकाऊ गाडी दिसली. एक घामेजलेल्या बाई चाकाशी होत्या नि मास्तर शेजारी बसून आपल्या पायाखालचा ब्रेक दाबत होते. म्हणजे ते घरी नव्हते. बरंच झालं.

त्यानं बेल वाजवली. कुणी आलं नाही. फोन केला, तो आत कुठंतरी वाजला आणि वाजून बंद पडला. धाकटीला सगळं कळलं की काय? रडत बसली असेल का? तो वळसा घालून मागे गेला. मागचं दार नुसतंच लोटलेलं असायचं.

धाकटी बाहेरच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसली होती. पाठ दादाकडे, कानांवर हेडफोन, हातात कंट्रोलर. समोर पडद्यावर धुकं, काळं पाणी, आणि होडीच्या टोकाशी उभी राहिलेली नावाडीण.

दादा दारातच खिळला.

धाकटी होडीकडे निघाली होती. चुकीच्या बाजूनं. त्या बाजूनं गेलं की वल्ह्याचा पहिला फटका चुकवता येत नाही, हे दादाला पाठ होतं. त्याच्या ओठांपर्यंत आलं, 'अगं, उजवीकडून!' तोंड उघडलं सुद्धा. कसं कुणास ठाऊक, त्यानं ते मिटलं.

पाण्याच्या कडेला धाकटी थांबली. तलवार काढून तिनं पाण्यात टाकली. मग धनुष्य. मग कमरेचा सुरा, बुटातला छोटा चाकू, गळ्यातला ताईतसुद्धा. मग होडीत जाऊन बसली आणि कंट्रोलर मांडीवर ठेवून दिला. नावाडीण बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं वल्हं पाण्यात घातलं आणि होडी निघाली. धुक्यात एकेक दिवा लागत गेला. इतक्या वर्षांत दादानं हे दिवे कधी पाहिलेच नव्हते.

"असं करता येतं?" तो मोठ्यानं म्हणाला.

धाकटी किंचाळली. हेडफोन एकीकडे, कंट्रोलर दुसरीकडे. "अरे, काय माणूस आहेस का कोण! मागून येतात असं?"

"बेल वाजवली. फोन केला." दादाचे डोळे अजून पडद्यावरच होते. "हत्यारं टाकायची असतात होय. मास्तर नुसतं बसायचं म्हणाले. मी पंचवीस वेळा बुडालो."

"नीट सांगायला काय होतं त्याला! अर्धवट ऐकतो नि—" धाकटी बोलता बोलता थांबली.

दादानं पडद्यावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

"फोनवर तू होतीस," दादा म्हणाला.

"मग तुला कोण वाटली?"

दादानं कोण वाटली ते सांगितलं. धाकटी आधी हसली, मग चिडली, मग पुन्हा हसली. "तो? त्याला मी शर्टाची गुंडी कुठं पडलीये ते दाखवते तेव्हा दिसते. तो बाई ठेवणार!"

"तिसऱ्यातली राणी घाबरलेली आहे, हे कुणाचं?"

"माझं."

"बहिरा म्हातारा?"

"माझाच. दिवसभर बहिऱ्या माणसांत असते मी, मला नाही कळणार?"

दादा सोफ्याच्या कडेवर बसला. तीन वर्षं तो ज्या डोक्याशी भांडत होता, ज्याचं मनातल्या मनात कौतुक करत होता, ते डोकं याच घरात पोळ्या लाटताना 'दरीपुराण' म्हणून नाक मुरडत होतं. त्याला राग आला होता. कुणाचा ते नक्की कळत नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस? मी काय खाल्लं असतं तुला?"

धाकटीनं कंट्रोलर उचलून मांडीवर घेतला. "तू मागे उभा राहायचास," ती म्हणाली. "मी हातात घेतला की तू मागे उभा. अगं इकडे, अगं मार, अगं मूर्ख. आणि मी मेले की हातातून काढून घ्यायचास. मला आवडायचंच रे. पण तू बघत असलास की मी मरायचेच. मग म्हटलं, आपल्याला आवडतच नाही असं सांगितलेलं बरं. लग्नानंतर लगेच पाय मोडून घरात पडले तेव्हा पहिल्यापासून सगळे खेळले. तो शेजारी बसायचा. त्याला एक अक्षर कळत नाही, पण बसायचा. तुझ्याशी बोलायला विषय हवा म्हणून त्यानं ती राणी तुझ्यासमोर फेकली, आणि बसला की अडकून."

आपण असं करायचो हे दादाला आठवतच नव्हतं. तो तसं म्हणणार होता, पण दाराशी उभं असताना तोंडात आलेलं 'अगं, उजवीकडून' अजून जिभेवर होतं.

तेवढ्यात मास्तर आले. मेव्हणा, बायको आणि पडद्यावरची होडी असं तिन्ही एकदम बघून ते चपला न काढता तिथंच उभे राहिले.

"दादा," ते म्हणाले, "मी सांगणारच होतो."

"कधी?"

"दहावा भाग आल्यावर... अकरावा आल्यावर..."

दादा त्यांच्याशी आठवडाभर बोलला नाही. त्याला आता भलत्याच शंका यायला लागल्या. ऐकणाऱ्यांना हे आधीच माहीत असेल का? मागे आईनं 'तुझं आणि धाकटीचं डोकं एकच' म्हटलं होतं, ते का म्हटलं होतं? शेवटी आठवडा संपताना त्यानंच धाकटीला फोन केला. "क्रमवारी तुझी आहे, तर तूच येऊन सांग."

"तू मधे मधे बोलशील."

"बोलेन. पण मागे उभा राहणार नाही. समोर बसेन."

त्या रविवारी माइकसमोर तिघं होते. धाकटीनं दुसऱ्या भागाला सातव्या जागी टाकलं तेव्हा दादा खुर्चीतून उठला. "अगं, दुसरा भाग सातवा? डोकं ठिकाणावर आहे?" "सगळी गावं जाळून झाल्यावर दया दाखवायला सांगतो तुझा दुसरा भाग," ती म्हणाली, "फार सोपी दया आहे ती." भांडण इतकं रंगलं की शेजारच्या दुकानदारानं येऊन डोकावून पाहिलं. चौथा शेवटचा, यावर मात्र दोघांचं एकमत झालं. मास्तरांनी प्रांजळपणे सांगून टाकलं, की आपण एकही भाग खेळलेलो नाही, नुसते बघितलेत, आणि आपला आठवा पहिला, कारण तो खेळताना ही सगळ्यात जास्त हसते. धाकटी लाजली आणि दादानं खोकून विषय बदलला.

मंगळवारपासून ऐकणाऱ्यांची पत्रं यायला लागली. बरीच खुश होती. एक मात्र जुन्या, नेमानं ऐकणाऱ्या माणसाचं होतं. मास्तरांनी चेष्टेत खेळलो नाही म्हटलं, हे आम्हाला कळलं, असं त्यानं लिहिलं होतं. पण या नव्या बाईंची मतं मास्तरांच्या जुन्या मतांशी फारच जुळतात. बाईंनी ती तिथूनच उचललेली दिसतात, तरी सावध राहा.

धाकटीनं वाचून खांदे उडवले. "सोड रे. त्याचं काय मनावर घ्यायचं!"

पण दादानं ते मनावर घेतलं. महिनाभरापूर्वी हे पत्र आपणही लिहिलं असतं, अगदी याच शब्दांत, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यानं हातावरचं प्लॅस्टर धुतलं, मेण वितळवायचा दिवा विझवला, आणि राणीपासून सुरुवात करून त्या माणसाला सविस्तर उत्तर लिहायला बसला.