मुक्या 'के'नं धरलेली तंगडी

मोतीरामच्या अंगाला बोटही न लावता त्याला बाद केलं, आणि तेही ज्याला तोंड नाही अशा एका अक्षरानं.

नांदुऱ्याच्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवणारे वामनराव सर सुट्टीत ट्रेनिंग घेऊन आले होते. मुलं पुस्तकाला भितात, खेळाला भीत नाहीत, असं तिथं त्यांना कळलं. तेव्हा त्यांनी पुस्तकाची भीती उचलून मैदानात आणून ठेवली. हुतूतूत आता 'हुतूतू' म्हणायचं नाही. इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग घोकत चढाई करायची. स्पेलिंग चुकलं की गडी बाद.

मोतीराम शाळेचा कॅप्टन. तो 'नाईफ' घेऊन गेला, "एन-आय-एफ-ई, एन-आय-एफ-ई" करत तिघांना शिवून परतला, तर सरांची शिट्टी.

"बाद! आधी के असतो."

"पण सर, तो ऐकूच येत नाही!"

"मुका असतो तो."

"मंग मुक्यानं मले धरलं कसं?"

सरांनी पुन्हा शिट्टी वाजवली. वर कॅप्टनपद सहदेवला गेलं. सहदेवला सगळी स्पेलिंगं पाठ. पण त्यानं आजवर काही शिवलं असेल तर सदऱ्याचं बटण. आणि शनिवारी शेगावशी सामना!

"बे सहद्या," मोतीराम कडाडला, "शेगावचे पोट्टे पाय धरून ओढतीन, तवा काय करशीन?"

"पी-यू-एल-एल, पुल," सहदेव म्हणाला.

शुक्रवारी शिक्षण खात्याचे डिप्टी साहेब नव्या पद्धतीवर मुलांचं मत घ्यायला आले. मत सरांनी आधीच पाठ करून घेतलं होतं : 'येस सर, व्हेरी मच.' खेळ मांडला. ज्याची चढाई, त्यानं आधी मत द्यायचं. आधीचे दोघं-तिघं पाठ केलेलं म्हणून गेले, मग मोतीराम मधल्या रेघेवर आला.

"आवडतं का रे हे? इंग्रजीत सांग," साहेब म्हणाले.

मोतीरामनं छातीभर दम घेतला. "एन-ओ नो, एन-ओ नो, एन-ओ नो..." ह्यात एकही अक्षर मुकं नव्हतं. त्यानं सहदेवला शिवलं, उरलेल्या सहांना शिवलं, शिट्टी घेऊन अडवायला धावलेल्या सरांना शिवलं, आणि दम न तोडता परत आला.

"स्पेलिंग... बरोबर आहे," सरांना म्हणावं लागलं. मग ते जाऊन बाद गड्यांत बसले.

साहेब खूष. "पोरगा घडाघडा इंग्रजी बोलतो! ही पद्धत जिल्हाभर लावू. आणि ह्याला कॅप्टन करा."

"पण साहेब, मी नाही म्हनून राह्यलो!"

"उच्चार बघा, किती स्वच्छ!" म्हणत साहेब पुढच्या गाडीनं शेगावला गेले.

शनिवारी शेगावचा कॅप्टन हिंमतराव हात मिळवायला आला तो दात खातच. "सायबानं आमच्या शाळेतबी स्पेलिंग लावलं! कालचा तो नो-वाला तूच काय बे?"

"हाव."

"येस म्हणायले काय झालं होतं तुले?"

"ते बाकीच्यायनं म्हणलं होतं," मोतीराम म्हणाला. "चाल, चढाई कर. आन् चाकू घेऊन येऊ नको."